लागलं

इरफान मोमीन पुठ्ठ्याचं खोकं बगलेत मारून आत आला, तेव्हा डॉ. वैजयंती रणपिसे आपल्या भाषणातलं एक विशेषण खोडत होती. सकाळचे पावणेअकरा वाजले होते. बाराच्या ठोक्याला नाशिकच्या आकाशमार्ग नियंत्रण केंद्रात 'एकहाती' पद्धत सुरू व्हायची होती आणि तिथल्या मोठ्या पडद्यावरून तिला दोन मिनिटं बोलायचं होतं. 'अभूतपूर्व' हा शब्द तिनं तिसऱ्यांदा लिहिला आणि तिसऱ्यांदा खोडला.

शहरावरून एका वेळी साडेतीनशे लघुहवाईयानं उडत. हे नाव फक्त कागदोपत्री. लोक त्यांना भुंगे म्हणत. चार माणसं पोटात घेऊन घरघरत जाणारा, चालक नसलेला भुंगा. वाटा संगणक आखायचा. पण दोन भुंगे एकमेकांच्या वाटेत आले आणि संगणकालाच पेच पडला, की टेबलावरच्या माणसाला सहा सेकंदांत निर्णय द्यावा लागे. आजवर प्रत्येक टेबलावर दोन माणसं असत. एकाचं लक्ष उडालं तर दुसऱ्याचं असावं, एवढाच हिशेब. आज बारापासून मुख्य टेबलावर एकच माणूस बसणार होता, कारण त्या माणसाचं लक्ष उडतच नाही असं वैजयंतीच्या स्थैर्यपट्टीनं सिद्ध केलं होतं.

स्थैर्यपट्टी म्हणजे कपाळाला बांधायची दोन बोटं रुंद पट्टी. मेंदू ध्यानावस्थेत शिरला की ती कानात मंद सूर सोडायची. मेंदूला तो सूर आवडे आणि तो पुन्हा पुन्हा तिकडे वळे. सहा महिन्यांत माणसाला दहा वर्षांच्या साधनेचं फळ, असं जाहिरातीत म्हटलं होतं, आणि जाहिराती वैजयंती लिहीत नसली तरी ती वाचून तिला बरं वाटायचं. शंभरपैकी ऐंशीच्या वर स्थैर्यांक असल्याशिवाय आता राज्यात कुणाला जोखमीच्या मुख्य खुर्चीत बसता येत नव्हतं. आज त्या खुर्चीत पहिल्यांदा एकटा बसणार होता तिचा धाकटा भाऊ, प्रबुद्ध. स्थैर्यांक चौऱ्याण्णव.

"मॅडम, बसू नका. उभ्यानंच बघा," इरफान म्हणाला. "कोडं आहे."

इरफान तिचा सहकारी, चौतिशीचा, मालेगावचा, आकडेशास्त्रातला पक्का. एरवी तो मुद्द्यावर यायला अर्धं मिनिटही लावायचा नाही. आज मात्र त्यानं आधी चहा ओतला, कप तिच्या हातात दिला, आणि एका लग्नात नवरदेवाच्या मामाची टोपी बकरीनं कशी खाल्ली ते सांगून तिला हसवलं. चहा इतका कढत होता, की तिनं कप दोनदा या हातातून त्या हातात घेतला.

"इरफान, मला बाराला बोलायचंय."

"दहा मिनिटं फक्त. ही कार्डं ओळखलीत?"

तिनं लगेच ओळखली. सहा वर्षांपूर्वी ओझरच्या एका ध्यानकेंद्रात दोनशे चाळीस साधकांच्या डोक्याला तारा लावून त्यांनी महिनाभर मोजमाप केलं होतं. बैठक संपली की केंद्राचे काशिनाथकाका प्रत्येकाला विचारत आणि कार्डावर एका शब्दात लिहीत : 'लागलं' किंवा 'नाही'. ध्यान करणं आपल्या हातात; लागणं नाही. भूक लागते, ठेच लागते, तसंच ध्यान लागतं. कुणाचं लागलं आणि कुणाचं नाही हे या कार्डांवरून संगणकाला सांगितलं, त्यानं दोन्हींच्या मेंदूलहरींतला फरक शोधला, आणि त्या फरकावर पट्टी उभी राहिली.

"मी दोन गठ्ठे केलेत," इरफान म्हणाला. "हा 'लागलं'वाल्यांचा. हा 'नाही'वाल्यांचा. कार्डावर साधनेची वर्षंही आहेत. 'नाही'वाल्यांची सरासरी आली एकोणीस वर्षं. 'लागलं'वाल्यांची किती असेल?"

"पंचवीस?"

"पाच महिने."

वैजयंतीनं कप खाली ठेवला. "गठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल."

"मलाही तसंच वाटलं. काकांनाच विचारू या का?" त्यानं फोन आधीच लावला होता.

काशिनाथकाका बागडे आता एक्क्याऐंशी वर्षांचे होते आणि आवाज खणखणीत होता. प्रश्न ऐकून ते आधी पोटभर हसले.

"अगं बाई, जुना साधक 'लागलं' म्हणेल होय कधी? स्वतःच्या तोंडानं म्हणायचं असतं का ते? आमच्या गुरूंनी पंचावन्न वर्षं साधना केली. जायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाले, छे रे, कसलं लागतंय!"

"मग 'लागलं' कोण म्हणायचं, काका?"

"नवी मंडळी. वरणभात जेवून दुपारच्या बैठकीला बसायची. घंटा झाली की उठून म्हणायची, काका, लागलं! वेळ कसा गेला कळलंच नाही! आता कळलंच नाही म्हणजे काय लागलं होतं, ते तूच सांग. डोळा लागला होता, दुसरं काय?"

"पण तुम्ही आम्हाला हे सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? कार्डं दिलीत, मी भरली. आणि बसल्या जागी पेंगणाऱ्याला तू पेंगत होतास असं तोंडावर म्हणायची आमच्याकडे रीत नाही."

फोन ठेवल्यावर वैजयंतीला आधी रागच आला. काकांचा, नम्रतेचा, वरणभाताचा. मग तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली.

"हे शक्य नाही. झोपलेल्यांच्या नोंदी आपण वगळल्या होत्या."

"गाढ झोपलेल्यांच्या," इरफान म्हणाला. "उंबऱ्यावरच्यांच्या नाही. पाच सेकंद, पंधरा सेकंद, मान ताठ, श्वास संथ. आपण तिला क्षणझोप म्हणू. क्षणझोपेतही मनातली बडबड थांबते, ध्यानातही थांबते. वरवर लहरी सारख्याच. फरक इतकाच, की ध्यानात मेंदूतला पहारेकरी टक्क जागा असतो आणि क्षणझोपेत तोही लवंडतो. संगणकाला आपण सांगितलं, पहारेकरी लवंडलेला असतो ते ध्यान. तो बिचारा तेच शिकला. ऐकताय ना, मॅडम?"

"ऐकतेय. म्हणजे आपण लोकांना..."

"उघड्या डोळ्यांनी झोपायला शिकवलं. चांगलं शिकवलं. आता पट्टीही लागत नाही. सायकल येऊ लागली की मागून धरणारा लागत नाही, तसं. गेल्या शुक्रवारी दोन भुंगे घासले ते आठवतंय? आतल्या दोघांचे हात मोडले. टेबलावर दोघी होत्या, दोघींचाही स्थैर्यांक अठ्ठ्याण्णव. चौकशीत दोघीही म्हणाल्या, आम्ही पूर्ण शांत होतो, वेळ कसा गेला कळलंच नाही."

तो अहवाल वैजयंतीनंच तपासला होता. पडद्यात बिघाड, असा शेरा मारला होता.

"आता यातलं वाईट सांगतो," इरफान अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा म्हणाला. "आपलं घोषवाक्य काय होतं? 'धकाधकीतलं ध्यान'. सिग्नलला अडकलात, साहेब ओरडले, पोराला ताप आला, की सूर पकडा. ताण वाढला की आत शिरायचं, हे आपणच शिकवलं. म्हणजे ही क्षणझोप कधी येणार? निवांत असताना नाही. ताण वाढला की, तेव्हाच. आणि डोळा लागायच्या आधीचं शेवटचं बोलणं कुणाला आठवतं? तेही पुसलं जातं. अकरा हजार लोकांनी पट्टी वापरली आहे, मॅडम. त्यांत तुमचा स्वतःचा..."

इरफान खिडकीशी उभा होता आणि तिच्या हातात नवा, कढत चहाचा कप होता.

"कुठवर आलो होतो आपण?" त्यानं विचारलं.

"एकहाती थांबवायला हवी," वैजयंती म्हणाली. घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. आज वेळही कुणी पाठीमागे लागल्यासारखा पळत होता.

तिनं केंद्राचे संचालक कोठावदे यांना फोन लावला. कोठावदे भला माणूस. स्थैर्यांक एक्क्याण्णव, आणि तो आकडा त्यांच्या दारावरच्या पाटीवर नावाखाली कोरलेला होता. तिनं शब्द गिळले नाहीत. पट्टी चुकीची आहे, तुमचे नियंत्रक आणीबाणीत झोपणार आहेत, माणसं मरतील, बाराची सुरुवात ताबडतोब रद्द करा.

पलीकडे शांतता. एक, दोन, तीन... ती मोजत राहिली. बारा सेकंद मोजून झाले.

"हॅलो? ऐकलंत ना, कोठावदे साहेब?"

"हो, हो, छान," कोठावदे प्रसन्नपणे म्हणाले. "मग बाराला पडद्यावर भेटू. साडी फिकट रंगाची नको हं, दिसत नाही नीट."

तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी ओरडून. या वेळी शांतता अठरा सेकंदांची होती, आणि त्यानंतर त्यांनी तिला शुभेच्छा देऊन फोन ठेवला.

वैजयंती फोनकडे बघत राहिली. कोठावद्यांनी तिचं म्हणणं नाकारलं असतं तर ती भांडली असती. पण नाकारायला ते ऐकावं तर लागतं! "त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीये," ती पुटपुटली. "बातमी जितकी भयंकर, तितका ताण. जितका ताण, तितकी..."

"घाबरवून सांगता येणार नाही," इरफान म्हणाला. "हसवून सांगा. ताण चढू न देता जेवढं पोचवता येईल तेवढंच."

नियंत्रकांचे मोबाइल दाराबाहेर ठेवलेले असतात. पण मुख्य टेबलाचा फोन होता, आणि भाषणासाठी आज ती लाइन तिच्यासाठी उघडी होती. प्रबुद्धच्या शेजारच्या खुर्चीत शकुंतला गांगुर्डे बसल्या होत्या. वय सत्तावन्न, स्थैर्यांक बारा. पहाटे उठून तास-दीड तास ध्यानाला बसायच्या म्हणे कित्येक वर्षं, पण पट्टीनं त्यांना कधी सूर ऐकवला नाही. त्यांची आज शेवटची पाळी. बाराला त्यांची खुर्ची बंद होणार होती. ती चालू ठेवायची तर एकच उपाय होता. मुख्य नियंत्रकानं, म्हणजे प्रबुद्धनं, बाराच्या आत टेबलावरची 'सोबत' ही कळ दाबायची. मग दुसरी खुर्ची पाळी संपेपर्यंत चालू राहते. कारण सांगावं लागत नाही, वरून परवानगी लागत नाही. पण दाबायची त्यानंच.

फोन लागला तेव्हा अकरा एकावन्न झाले होते.

"काय गं ताई! भाषण विसरलीस की काय?" प्रबुद्धचा आवाज उत्साहानं फुलला होता.

"भाषण पाठ आहे. तू केस विंचरलेस का ते बघायला फोन केला."

"विंचरलेत. आईनं सकाळपासून चार निरोप पाठवलेत, ताठ बस, ताठ बस."

वैजयंतीच्या छातीत धडधडत होतं. समोर इरफाननं एका कोऱ्या कार्डावर भुंग्याचं चित्र काढायला घेतलं होतं, त्याला मिशा काढल्या होत्या, आणि ते तो तिच्या नाकासमोर धरत होता. या माणसाला काही काळवेळ आहे की नाही? तिला हसूही आलं आणि चीडही. तिनं कार्ड बाजूला ढकललं; त्यानं दुसरं काढलं, आता भुंग्याच्या डोक्यावर मामाची टोपी होती.

"ऐक ना," ती म्हणाली, "गांगुर्डे मॅडम आहेत का शेजारी?"

"आहेत की. पेढे वाटतायत सगळ्यांना. ताई, खरं सांगू? मला त्यांचं वाईट..."

फोनमधून एक टिंग असा आवाज आला. मग दुसरा, जरा वरच्या पट्टीत. वैजयंतीला तो ठाऊक होता. पेच. सहा सेकंद.

प्रबुद्धचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं होतं. त्याचा श्वास ऐकू येत होता. संथ, लांब, तान्ह्या पोरासारखा. तिला किंचाळावंसं वाटलं. प्रबुद्ध, ऊठ! आईनं हौसेनं ठेवलेलं नाव. ज्याला जाग आली तो प्रबुद्ध. तिनं ओठ दातांखाली धरले. आता ओरडणं म्हणजे त्याला आणखी खोल ढकलणं.

"एकशे बारा, वर घे," दुसरा आवाज आला. बाईचा, शांत, तोंडात अर्धा पेढा असल्यासारखा. "दोनशे सात, थांब तिथंच. हां. झालं."

टिंग थांबलं. पाच सेकंद गेले, दहा गेले.

"...वाटतं गं," प्रबुद्ध म्हणाला. "इतकं शिकवलं त्यांनी मला. काय म्हणत होतीस तू?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. आठ माणसं आत्ता त्याच्या डोळ्यांदेखत मरणाच्या दारातून परतली होती आणि त्याच्यासाठी मधलं काही घडलंच नव्हतं. अकरा पंचावन्न. वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. हा लहान असताना तिच्या करंगळीला धरून शाळेत जायचा, आणि हे तिनंच केलं होतं त्याचं. इरफाननं टेबलावर जोरात चमचा वाजवला. ती दचकली आणि तिच्या तोंडातून शब्द निघाले.

"म्हणत होते, की फोटोत तू एकटा दिसणार आज. ज्या बाईनं शिकवलं ती बाहेर पेढ्याचा रिकामा पुडा धरून उभी, आणि तू खुर्चीत ताठ. आई काय म्हणेल माहितेय ना?"

"काय?"

"शिष्टच झाला गं मेला!"

प्रबुद्ध खदखदून हसला. आईची नक्कल वैजयंतीला लहानपणापासून झकास जमायची. "मग काय करू म्हणतेस?"

"सोबतची कळ दाब. आजच्या दिवस बसू दे त्यांना. उद्यापासून तूच राजा."

"अगं, एकहातीचं उद्घाटन दोन हातांनी? कोठावदे साहेब काय म्हणतील?"

"म्हणतील छान. फीत कापायलाही दोन बोटं लागतातच की." अकरा सत्तावन्न. "दाबतोयस, की आईला सांगू तू नाही म्हणालास?"

"नको बाई! दाबतो. गांगुर्डे मॅडम, उठू नका, ताईचा हुकूम आहे."

खट्ट. तो आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला. त्यापाठोपाठ केंद्राच्या यंत्राचा कोरडा आवाज : दुसरी खुर्ची चालू, पाळी संपेपर्यंत.

तिनं फोन ठेवला आणि खुर्चीत कोसळली. बारा वाजता कोठावद्यांनी पडद्यावर तिला हाक मारली. इरफाननं लाइन गेल्याचं सांगितलं. खिडकीबाहेर भुंगे रोजच्यासारखे घरघरत होते आणि त्यांच्यावर एक बाई नजर ठेवून होती, जिला पट्टी नापास करत आली होती. वैजयंती बराच वेळ रडली, मोकळेपणानं.

मग तिनं तोंड धुतलं, कोरा कागद ओढला. आजचा दिवस निभावला, पण उद्याचं काय? दवाखान्यात भूल देणारे, रेल्वेचे चालक, धरणांवरचे अभियंते. एकेकाला गाठून, हसवून, हळूहळू सांगावं लागणार होतं. आणि प्रबुद्धला. त्याला तर सगळ्यात सांभाळून.

"इरफान, यादी करू. आणि तुला मानलं पाहिजे. मी कोठावद्यांना सांगून फसले तेव्हा कुठे मला पेच कळला. तुला हसवून सांगायचं सुचलं कसं रे इतक्या पटकन?"

त्याचे डोळे तांबारलेले होते, हे तिला आत्ता दिसलं. चार दिवस न झोपलेल्या माणसाचे असतात तसे.

"पटकन नाही सुचलं, मॅडम," तो म्हणाला. "सोमवारी मी तुम्हाला सरळ सांगितलं होतं. तुम्ही 'छान' म्हणालात आणि जेवायला गेलात. मंगळवारी लेखी दिलं."

त्यानं खोक्याच्या तळातून दोन पानं काढून तिच्यासमोर ठेवली. मथळा ठळक होता : पट्टी उलटी शिकली आहे, एकहाती त्वरित थांबवावी. खाली हिरव्या शाईत तिचं स्वतःचं वळणदार अक्षर. 'वाचले. उत्तम काम.' सही. मंगळवारची तारीख.

ही पानं तिनं आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

"काल तर मी ओरडलो तुमच्यावर. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात, फार गोड हसलात. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आज गुरुवार आहे, मॅडम. तुमचा स्थैर्यांक सत्त्याण्णव आहे. हेही मी आज सकाळी एकदा सांगितलंय."

वैजयंतीनं सहीवरून बोट फिरवलं. पोटातून भीती उसळून वर आली, खरीखुरी, अंगावर काटा आणणारी. आणि तिच्या मागोमाग, कपाळाच्या आत, तो ओळखीचा गारवा उतरू लागला, ज्याचा तिला इतकी वर्षं अभिमान होता.

तिनं इरफानचं मनगट घट्ट धरलं.

"मला काहीतरी विचार," ती घाईघाईनं म्हणाली. "काहीही विचार. लवकर."